दोष दाताचा नव्हता

जॉन लॉक हे नाव आपल्याला माहीत असते ते इंग्रज तत्त्वज्ञ म्हणून. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत त्याचा हमखास उल्लेख येतो. तो वैद्यकही शिकलेला होता आणि रुग्ण तपासत असे, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. १६७७ च्या डिसेंबरात लॉक पॅरिसमध्ये असताना त्याला तेथील इंग्रज राजदूताच्या पत्नीला, म्हणजे नॉर्थम्बरलंडच्या काउंटेसला, पाहण्यासाठी बोलावणे आले. बाईंच्या चेहऱ्याच्या एका बाजूस व जबड्यात अशा काही कळा येत होत्या की त्या किंचाळत. कळ क्षणात येई, विजेसारखी लखलखून जाई आणि थोड्या वेळाने पुन्हा येई. मधल्या काळात जणू काहीच झालेले नसे. बोलायला तोंड उघडले किंवा हिरडीला स्पर्श झाला की नवी कळ सुरू होई. दुखणे दाताचे समजून दात उपटून झाले होते. त्याने काडीचाही फरक पडला नव्हता. गोंधळलेल्या लॉकने इंग्लंडमधील आपल्या डॉक्टर मित्राला सविस्तर पत्रे लिहून सल्ला विचारला. ती पत्रे आजही उपलब्ध आहेत आणि त्यांतील वर्णन इतके अचूक आहे की आजचा डॉक्टर ते वाचून लगेच निदान सांगेल: ट्रायजेमिनल न्यूराल्जिया.

हा विकार फारसा दुर्मिळ नाही. दर लाख लोकांमागे वर्षाला चार ते तेरा नवे रुग्ण आढळतात. बहुधा वय पन्नाशीच्या पुढचे असते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो अधिक होतो. कळ चेहऱ्याच्या एकाच बाजूला येते व काही सेकंदांत, फार तर दोनेक मिनिटांत ओसरते. पण दिवसातून ती अनेकदा येऊ शकते. दात घासणे, घास चावणे, चेहरा धुणे, वाऱ्याची झुळूक लागणे, इतकेच काय पण बोलणे एवढेही तिला पुरते. आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकाबाई कित्येक महिने वर्गात जवळजवळ न बोलता, फळ्यावर लिहून शिकवीत होत्या. मुलांना वाटे बाई रागावल्या आहेत. दरम्यान त्यांच्या दोन दाढा काढून झाल्या होत्या. काढलेल्या दोन्ही दाढा चांगल्या होत्या हे नंतर कळले. म्हणजे लॉकच्या काळानंतर तीन शतके उलटून गेल्यावरही रुग्णाचा पहिला मुक्काम दंतवैद्याच्या खुर्चीतच.

यात दंतवैद्यांना बोल लावण्याचे कारण नाही. कळ खरोखरच दातात जाणवते. मग ती उगम पावते कुठे? हा प्रश्न सुटायला इतका काळ का लागला? आमच्या मते याचे उत्तर बऱ्याच अंशी शरीराच्या चित्रांच्या आणि प्रतिकृतींच्या इतिहासात सापडते.

आपल्या शाळेतील तक्ते आठवून पाहा. एका तक्त्यावर अस्थिसंस्था, दुसऱ्यावर स्नायू, तिसऱ्यावर रक्ताभिसरण, चौथ्यावर मज्जासंस्था. ही वाटणी फार जुनी आहे. आंद्रेयास व्हेसालियसने १५४३ मध्ये शरीररचनेचा आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला, त्यात नीलांची आकृती निराळी, रोहिण्यांची निराळी आणि मज्जातंतूंची निराळी होती. शिकवण्याच्या दृष्टीने ही पद्धत उत्तमच म्हटली पाहिजे. सगळे एकाच चित्रात कोंबले तर काहीच दिसणार नाही. परंतु रक्तवाहिनी आणि मज्जातंतू प्रत्यक्ष शरीरात एकमेकांना कुठे खेटतात, हे अशा चित्रांतून कळत नाही. आणि आपल्या गोष्टीतला गुन्हेगार नेमका तेथेच दडून बसलेला होता.

आधी मज्जातंतूंची मोजदाद तरी नीट व्हायला हवी होती. मेंदूपासून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या सात जोड्या आहेत असे दुसऱ्या शतकातील गेलनने सांगितले होते, आणि व्हेसालियसनेही सातच मानल्या. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या मोठ्या मज्जातंतूला तीन शाखा असतात. एक डोळा व कपाळाकडे जाते, दुसरी गाल व वरच्या जबड्याकडे आणि तिसरी खालच्या जबड्याकडे. पॅरिसमधील शरीरशास्त्रज्ञ विन्सलो याने १७३२ मध्ये त्याला 'तिळा' अशा अर्थाचे नाव दिले, त्यावरूनच ट्रायजेमिनल हा शब्द आला. आपण त्याला त्रिशाखी मज्जातंतू म्हणू. बारा जोड्यांची आज शिकवली जाणारी यादी जर्मन शास्त्रज्ञ झमरिंग याने १७७८ मध्ये मांडली. तीत त्रिशाखी मज्जातंतू पाचवा, आणि चेहऱ्याचे स्नायू हलवणारा मज्जातंतू सातवा.

याच सुमारास शरीराच्या मेणाच्या प्रतिकृती बनवण्याची कला भरास आली होती. फ्लॉरेन्स येथील ला स्पेकोला हे संग्रहालय १७७५ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तेथील कारागीर विच्छेदन केलेल्या अवयवांचे साचे घेत आणि त्यांत रंगीत मेण ओतून हुबेहूब अवयव घडवीत. ऑस्ट्रियाच्या सम्राट दुसऱ्या जोसेफने आपल्या लष्करी शल्यविशारदांच्या शिक्षणासाठी अशा हजाराहून अधिक प्रतिकृती बनवून घेतल्या. खेचरांच्या पाठीवर लादून त्या आल्प्स पर्वतापलीकडे व्हिएन्नाला नेण्यात आल्या. त्यांतल्या बऱ्याच आजही तेथे पाहायला मिळतात. प्रेत सडते, मेण सडत नाही, हा या प्रतिकृतींचा केवढा तरी फायदा. मात्र एकच प्रतिकृती घडवायला अनेक प्रेतांचे विच्छेदन करावे लागे, त्यामुळे ती कोणा एका माणसाची नसून 'आदर्श' माणसाची बने. माणसामाणसांतले फरक, एखाद्या रोहिणीला वयपरत्वे पडलेले वळण, हे सगळे तिच्यातून गाळले जाई.

त्या शतकातच या दुखण्याला वैद्यकात स्वतंत्र ओळख मिळाली. १७५६ मध्ये निकोला आंद्रे या फ्रेंच शल्यविशारदाने त्याचे 'तिक दूलूरो', म्हणजे वेदनेचा झटका, असे नामकरण केले. दोष मज्जातंतूचा आहे हे त्याने ताडले होते आणि दाहक रसायनाने तो मज्जातंतू जाळण्याचा उपायही त्याने करून पाहिला. १७७३ मध्ये लंडनच्या जॉन फॉदरगिलने आपल्या रुग्णांचे इतके व्यवस्थित वर्णन सादर केले की पुढे या विकाराला त्याचे नाव चिकटले. दुखण्याला नाव तर मिळाले. पण चेहऱ्यात शिरणाऱ्या मज्जातंतूंपैकी नेमका कोणता धरायचा, याबद्दल घोळ होताच.

हा घोळ फार महागात पडला. चेहरा दुखतो, तेव्हा चेहऱ्यावर पसरलेला मज्जातंतू कापावा, असा साधा हिशेब करून काही शल्यविशारद सातवा मज्जातंतू कापत. परिणाम असा होई की चेहऱ्याची ती बाजू लुळी पडे, पापणी मिटेनाशी होई, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळे, आणि कळा मात्र पूर्वीसारख्याच येत राहत. लंडनमध्ये काम करणारा स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स बेल याने १८२१ पासून पुढे या दोन मज्जातंतूंची कामे वेगळी करून दाखवली. पाचवा संवेदनेचा व चावण्याच्या स्नायूंचा, सातवा हावभावांचा. त्याच्या पहिल्या मांडणीत चुका होत्या. फ्रान्सच्या माजांदी व इंग्लंडच्या हर्बर्ट मेयो यांच्या प्रयोगांनी त्या दुरुस्त झाल्या, आणि श्रेय कोणाचे यावरून कडाक्याचे वादही झाले. त्या वादात येथे शिरत नाही. बेल स्वतः चांगला चित्रकार होता व मेणाच्या प्रतिकृतीही बनवीत असे, एवढे सांगण्यासारखे आहे. हाताने घडवून पाहिल्याशिवाय रचना कळत नाही, हे त्याला ठाऊक असावे.

पुढची शंभर वर्षे शल्यविशारद त्रिशाखी मज्जातंतूच्या मागावर उलटे, म्हणजे चेहऱ्याकडून मेंदूकडे, सरकत गेले. शाखा कापली तर ती पुन्हा वाढे व कळा परतत. १८९० पासून कवटीच्या तळाशी असलेली त्याची गुच्छिकाच काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. १९०१ मध्ये फिलाडेल्फियाचे स्पिलर व फ्रेझर यांनी गुच्छिकेच्या मागचे मूळ कापण्याची पद्धत आणली. कळा थांबत, पण चेहरा बधिर होई. बुबुळाची संवेदना गेली तर डोळ्यात कण गेलेला कळत नसे आणि व्रण होऊन दृष्टी जाण्याचा धोका असे. या उपायांत वायर कापली जात होती. ठिणगी का पडते हे कुणालाच सांगता येत नव्हते.

ते पहिल्यांदा पाहिले बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी याने. डँडीचा मार्ग इतरांहून वेगळा होता. बहुतेक शल्यविशारद कानशिलाकडून शिरत. डँडी १९२५ च्या सुमारास कानामागून, छोट्या मेंदूच्या बाजूने शिरू लागला. या वाटेने गेले की मज्जातंतू मस्तिष्कस्तंभातून बाहेर पडतो ती जागाच समोर येते. तेथे त्याला वारंवार एकच दृश्य दिसू लागले: रोहिणीचे एखादे वेटोळे मज्जातंतूच्या मुळावर टेकलेले, कधी त्याला वाकवणारे. १९३४ मध्ये त्याने आपल्या २१५ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील सुमारे तिसऱ्या हिश्श्यात छोट्या मेंदूची वरची रोहिणी मज्जातंतूला भिडलेली होती, आणखी काहींत नीला होती, तर थोड्यांत गाठ. हेच दुखण्याचे कारण असावे असे त्याने स्पष्ट लिहिले. हे सारे साध्या डोळ्यांनी, भिंगाच्या मदतीवाचून पाहिलेले!

इतके असूनही पुढे पंचवीस वर्षे या निरीक्षणाकडे जवळजवळ कोणी लक्ष दिले नाही. एक कारण उघड आहे. जे त्या वाटेने जातच नव्हते, त्यांना ते दिसणार कसे? दुसरे कारण शवविच्छेदनाच्या पद्धतीत आहे, आणि विज्ञान शिकवणाऱ्यांनी त्यावर थोडा वेळ थांबावे असे आम्हांला वाटते. मेंदू तपासायचा तर तो कवटीतून उचलून बाहेर काढतात. तसे करताना मस्तिष्कस्तंभातून निघणारे मज्जातंतू कापावेच लागतात. म्हणजे ज्या काही मिलिमीटरांत सारे रहस्य आहे तोच भाग कात्रीखाली जातो. शिवाय प्रेतात रक्तदाब नसतो, त्यामुळे रोहिण्या रिकाम्या, चपट्या झालेल्या असतात. मेंदूभोवतालचा द्रवही निघून गेलेला असतो. जिवंतपणी दर ठोक्याला फुगणारी रोहिणी आता सैल पडून बाजूला सरकलेली असते. अशा अवस्थेवरून बनवलेली प्रतिकृती कितीही सुबक असली तरी तिच्यात हा संबंध उतरणार नाही.

१९५९ मध्ये क्लीव्हलंडच्या गार्डनरने रोहिणी व मज्जातंतू यांच्यामध्ये जिलेटिनचा स्पंज ठेवून पाहिला आणि रुग्णाला आराम पडल्याचे नोंदवले. पण निर्णायक पाऊल पडले ते लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, आणि तेही अध्यापनाच्या निमित्ताने. पीटर जॅनेटा हा तरुण शल्यविशारद १९६० च्या दशकाच्या मध्यास तेथे प्रशिक्षण घेत होता. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी त्याला त्रिशाखी मज्जातंतूचे विच्छेदन तयार करायचे होते. हे काम त्याने साध्या डोळ्यांनी न करता शस्त्रक्रियेसाठी नुकत्याच वापरात येत असलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली केले. मज्जातंतूच्या मुळाशी आजवर पुस्तकांत न दाखवलेले बारीक बारीक धागे त्याला दिसले. मग तोच सूक्ष्मदर्शक घेऊन तो जिवंत रुग्णांत मुळापर्यंत पोहोचला. तेथे त्याला रोहिणी दिसली, प्रत्येक ठोक्यासरशी मज्जातंतूवर आदळणारी. १९६७ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. लॉकच्या रुग्णबाईंपासून ज्या दुखण्याची सुरुवात दात उपटण्याने होत आली, त्याचा उलगडा दंतवैद्यकाच्या वर्गाची तयारी करताना व्हावा, हा योगायोग आम्हांला फार आवडतो.

जॅनेटाने मज्जातंतू कापला नाही. त्याने रोहिणी अलगद उचलली व मध्ये एक छोटी उशी बसवली. पुढे यासाठी टेफ्लॉनचा नमदा वापरला जाऊ लागला. त्याच्यावर अविश्वास दाखवणारे पुष्कळ होते. मज्जातंतूला चिकटलेली रोहिणी म्हणजे कारण नव्हे, शस्त्रक्रियेत मज्जातंतूला जो धक्का बसतो त्यानेच आराम पडतो, असे त्यांचे म्हणणे. १९९६ मध्ये पिट्सबर्गमधील १,१८५ रुग्णांचा दीर्घकालीन अहवाल आला. दहा वर्षांनंतरही सुमारे ७० टक्के रुग्ण औषधावाचून कळांपासून मुक्त होते. येथे हेही सांगितले पाहिजे की सगळ्यांनाच शस्त्रक्रिया लागत नाही. १९६२ पासून कार्बामाझेपिन हे अपस्माराचे औषध या विकारावर वापरले जाते व बहुतेकांना निदान सुरुवातीला तरी चांगला गुण येतो. वर उल्लेख केलेल्या शिक्षिकाबाई त्याच गोळ्यांवर पुन्हा बोलत्या झाल्या.

पण दाबाने कळ का यावी? मज्जातंतूतील प्रत्येक धाग्याभोवती मायेलिनचे वेष्टन असते. मुळाजवळ मेंदूकडील प्रकारचे वेष्टन संपून बाहेरच्या प्रकारचे सुरू होते. हा सांधा नाजूक असतो. शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा दाबाच्या जागी वेष्टन झिजलेले व उघडे धागे एकमेकांना चिकटलेले आढळले. स्पर्शाचा संदेश नेणाऱ्या धाग्यातून वेदनेच्या धाग्यात संदेश उडी मारतो, असे मानले जाते. वर्गात हे सांगताना वेष्टन सोललेल्या दोन विजेच्या तारांची उपमा सोयीची पडते, पण ती फार ताणू नये. मज्जातंतूत तारेसारखा विजेचा प्रवाह वाहत नाही, आणि उघडे पडलेले धागे एकमेकांना पेटवत आपणहूनही संदेश सोडू लागतात. तारा तसे करीत नाहीत.

शंका घेणाऱ्यांचा एक प्रश्न मात्र रास्त होता. निरोगी माणसातही रोहिणी मज्जातंतूला टेकलेली असते का? येथे प्रतिकृतीचे महत्त्व पुन्हा पुढे येते. फ्लॉरिडाच्या गेन्सव्हिल येथे ॲल्बर्ट रोटन व त्याचे सहकारी प्रेताच्या रोहिण्यांत लाल आणि नीलांत निळे रबर भरून, त्या जिवंतपणी असतात तशा फुगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. १९७८ मध्ये त्यांनी नोंदवले की दुखणे नसलेल्यांतही रोहिणी आणि मज्जातंतू यांचा स्पर्श वरचेवर आढळतो. १९९२ मध्ये हॅम्लिन व किंग या लंडनच्या शल्यविशारदांनी प्रेतांतील रक्तवाहिन्या द्रवाने भरून जिवंत अवस्थेची नक्कल केली आणि तिची आपल्या रुग्णांशी तुलना केली. रुग्णांत मज्जातंतूवर खोबण पडलेली दिसे, निरोगी प्रेतांत नुसता स्पर्श. तेव्हा रोहिणी टेकते की नाही यापेक्षा ती मज्जातंतूचा आकार बदलते की नाही, हे विचारायला हवे होते.

आज यासाठी प्रेत लागत नाही. एम.आर.आय. यंत्राने दोन प्रकारची चित्रे घेतात. एकीत मेंदूभोवतीचा द्रव पांढरा शुभ्र व त्यात मज्जातंतू काळ्या दोऱ्यांसारखे दिसतात, दुसरीत वाहते रक्त उजळते. अर्ध्या-पाऊण मिलिमीटर जाडीचे असे शेकडो काप संगणक एकावर एक रचतो, आणि खुद्द त्या रुग्णाची त्रिमिती प्रतिकृती पडद्यावर उभी राहते: मज्जातंतू पिवळा, रोहिणी लाल, नीला निळी. ती हवी तशी फिरवून पाहता येते. व्हेसालियसने तीन पानांवर वाटलेली चित्रे येथे पुन्हा एकत्र आली, आणि फ्लॉरेन्सच्या 'आदर्श' माणसाची जागा एका विशिष्ट माणसाने घेतली. शस्त्रक्रियेपूर्वी तिच्यावर वाट आखता येते.

अशाच एम.आर.आय. चित्रांवरून डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१५ मध्ये १३५ रुग्णांचा अभ्यास मांडला. प्रत्येक रुग्णाला न दुखणारी दुसरी बाजू असतेच, तीच त्यांनी तुलनेसाठी घेतली. ही युक्ती साधी असली तरी फार सुंदर आहे. चित्रे तपासणाऱ्यांना दुखरी बाजू कोणती ते सांगितलेले नव्हते. दुखऱ्या बाजूस ८९ टक्क्यांत स्पर्श आढळला, तर न दुखणाऱ्या बाजूस ७८ टक्क्यांत! मज्जातंतू सरकलेला किंवा बारीक झालेला असण्याचे प्रमाण मात्र ५३ टक्के विरुद्ध १३ टक्के होते.

या आकड्यांतून निघणारी एक अडचण लपवून चालणार नाही. ५३ म्हणजे शंभर नव्हे. कित्येक रुग्णांत, विशेषतः तरुण स्त्रियांत, चांगल्यात चांगल्या प्रतिकृतीतही काही वावगे दिसत नाही. काहींत मायेलिन झिजवणारा दुसराच आजार, मल्टिपल स्क्लेरोसिस, सापडतो. उरलेल्यांसाठी २०१८ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'कारण अज्ञात' असा वेगळा गट ठेवलेला आहे. या गटातील माणसाचेही निदान पक्केच मानले जाते. ते लॉकने लिहून ठेवले होते त्याच लक्षणांवरून, रुग्णाचे बोलणे ऐकून केले जाते, एम.आर.आय. त्यानंतर येतो. त्यात काही दिसले नाही म्हणून कळ खोटी ठरत नाही, आणि औषधही थांबवले जात नाही.